पोटातल्याचं माप

कुसुम, तू कापून ठेवलेला फ्रॉक अजून मशीनच्या फळीखाली आहे. खाकी कागदात गुंडाळलेला, चिंधीनं बांधलेला, तू ठेवलास तसाच. परवा तुझी तेरवी झाली. माझ्या लेकीचे, रश्मीचे, दिवस भरत आलेत, आणि आज सकाळी ती म्हणाली की बाळ नेहमीसारखं हलत नाही. डॉक्टरीणबाईंनी तिचा बीपी पाहिला आणि पुन्हा एकदा पाहिला. मला भीती वाटते आहे. ती त्या गुंडाळीची भीती आहे, आणि हे घरात कुणाला सांगायची सोय नाही. म्हणून तुलाच सांगते. तूच तर घालून ठेवली आहेस.

भेटायला येणारी माणसं तुझ्याविषयी गोडगोड बोलून जातात. "लय शांत बाई होती," म्हणतात. मी मान डोलावते. शांत! तुझ्याशी भांडण्यात माझा अर्धा जन्म गेला, ते त्यांना काय ठाऊक. शाळेत एका बाकावर होतो तेव्हापासून आपलं सुरू आहे. मग तू माझ्या दादाची बायको होऊन आमच्याच घरात आलीस आणि चारचौघांत मला तुला वहिनी म्हणावं लागलं. घरात मात्र कुसुमच. आमच्याकडे राहणाऱ्या काकीला ते खपायचं नाही. "मोठ्या भावाची बायको हाये ते. तिले नावानं काऊन बोलावतेस व?" ती ओरडायची, आणि तू पदरात तोंड लपवून हसायचीस.

माझं सासर इथंच अर्जुनीत, दोन गल्ल्या सोडून, म्हणून आपलं जमलं. दादाच्या घराची रस्त्याकडची खोली हे आपलं दुकान. कागद तुझा, मशीन माझी. बाकीच्या शिवणाऱ्या बायका मापाला जुना कपडा मागून घेतात आणि त्यावर ठेवून कापतात. तुला ते कधी मानवलं नाही. आलेल्या बाईला तू उजेडात उभी करायचीस, टेप लावायचीस, आणि मग फरशीवर खाकी कागद पसरून तिच्या एकटीच्या मापाचा फर्मा कापायचीस. ड्रेस कसा दिसणार हे कागदाच्या आधी तुझ्या डोक्यात झालेलं असायचं. एकदा तू शिंगाड्याच्या पानासारखी कॉलर काढलीस. तहसीलमधल्या एक बाई विचारत होत्या की कोणत्या पुस्तकातली आहे. तू म्हणालीस, "तलावातली." त्यांना वाटलं तू थट्टा करते आहेस.

कापड सरकणारं, लोळणारं असलं की तू त्याला भाताची पेज लावायचीस. वाळवून इस्त्री मारली की ते कागदासारखं ताठ व्हायचं, कात्रीखाली जागचं हलायचं नाही. शिवून झाल्यावर पाण्यात घातलं की पुन्हा होतं तसं. हे मला माहीत होतं. मी स्वतः किती वेळा ती पेज गाळून दिली आहे.

आणि माझी टीप झाली की तू कापड उचलून खिडकीकडे धरायचीस. मी तुझ्या तोंडाकडे बघायची. तू एकच शब्द बोलायचीस, "उसव." राग नाही, समजावणं नाही. मी बडबडत उसवायची. एकदाच ऐकलं नाही. दाराच्या खिळ्याला अडकून तुझी बारीक फुलांची पिवळी सुती साडी फाटली, मी रफू केला आणि तो वाकडा आला. "उसव." मी म्हटलं, "नाही उसवत जाय. नेसायची असन त नेस." तू ती साडी तशीच नेसलीस, पार विटेपर्यंत, आणि दर वेळी तो रफू मला दिसेल असा पदर घ्यायचीस.

आता ती खोली मला सोसत नाही. भिंतीभर खिळ्यांवर फर्मे टांगलेले आहेत. कुणाचा खांदा, कुणाची पाठ, कुणाची बाही, अर्ध्या गावाची अंगं तिथं लटकली आहेत. रेल्वे गेली की सगळी हलतात. एक खिळा तेवढा मोकळा आहे. तो तुझ्या फर्म्याचा. तू नागपूरच्या दवाखान्यात जायच्या आधीच तो फर्मा काढून घेतला होतास, हे मला तू गेल्यावर दिसलं.

त्या खिळ्याकडे मी आधीच बघायला हवं होतं, असं लोक म्हणतील. बघत होते ना मी. तुझा फर्मा तू बदलत होतीस आणि दर वेळी नवा फर्मा जुन्यापेक्षा लहान होता. मी म्हटलं, "पोरीवानी बारीक होऊन राहिली व! कोनाले दाखवाचं हाये?" तू म्हणालीस, "तुह्या भावाले." आपण हसलो. तुझ्या ब्लाउजच्या दोन्ही बाजू मीच आत घेतल्या. पोटात कसला रोग वाढतोय हे तुला तेव्हा कळलं होतं की नाही, ते आता तुला विचारता येत नाही.

गावातल्या पोरी सातव्या-आठव्या महिन्यात हौसेनं कापड घेऊन यायच्या, येणाऱ्या बाळाला फ्रॉक शिवून द्या म्हणून. तू त्यांना पायरीवरच थांबवायचीस. "पोटातल्याचं माप मी घेत नाही. बाळ येऊ दे, रडू दे. मंग ये." आणि पुढे बजावायचीस की बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागावं ते आजीच्या जुन्या लुगड्याचं. त्याच्यासाठी कोऱ्या कापडाला आधी कात्री लावायची नाही. आपल्याकडे सगळेच हे पाळतात, पण तुझ्याइतकं कडक कुणी नाही. सरपंचाच्या सुनेलाही तू परत पाठवलंस.

का, ते मला ठाऊक आहे. लग्नानंतर तुला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तू नुकतीच फर्मे काढायला शिकली होतीस आणि तुझा हात थांबत नव्हता. पांढऱ्या वायलचे फ्रॉक, झालर लावलेले, तळहातावर मावतील एवढे. सगळ्यांना दाखवत सुटली होतीस. बाळ आलं आणि रडलंच नाही. आम्ही दाराबाहेर कान लावून होतो, आणि आतून नुसता बायकांच्या बांगड्यांचा आवाज येत होता. ते फ्रॉक कुठं गेले हे मी कधी विचारलं नाही. पुन्हा तुला दिवस गेले नाहीत, आणि तूही कधी त्याविषयी बोलली नाहीस. फक्त नियम केलास.

म्हणून तर रश्मी अर्धी तुझी. तिच्या वेळी तू केवढी जपली होतीस! माझ्या आईची एक जुनी साडी, धुऊन धुऊन मऊ झालेली, तू बाळासाठी बाजूला काढून ठेवली होतीस. पण रश्मी जन्मायच्या तोंडावर आई गेली आणि काकीनं ती साडी आईच्या मागे बाहेर देऊन टाकायच्या कपड्यांच्या गठोड्यात बांधून टाकली. "गेलेल्या मानसाचं कापड पोराले नाही लावत. जित्तेपनी देलं तेवढंच आपलं." तू किती दिवस धुसफुसत होतीस. मग बारशाच्या दिवसापासून जी लागलीस, ती रश्मी कॉलेजात जाईपर्यंत तिचा एकही फ्रॉक, एकही ड्रेस बाहेरून आला नाही. छत्रीसारख्या घेराचे, मानेवर फुगे असलेले, खिशाला बेडकाचं तोंड असलेले. पोरगी अशी मिरवायची की मला लाज वाटायची. मी तिची आई, पण पडली-लागली की ती तुझ्याकडे पळायची. मला राग यायचा, आणि बरंही वाटायचं. हे तुला सांगायचं राहून गेलं.

आणि मग ती दुपार. धान कापून झालं होतं, रस्त्यावर मळणीचं भुसकट उडत होतं. रश्मी नुकतीच नागपूरहून बाळंतपणाला आली होती. मी दुकानात शिरले तर तू खाली बसून कापत होतीस. तुझ्या शेजारी पेजेचं भांडं होतं. त्या दिवसांत तुझं जेवण म्हणजे पेजच झाली होती, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही. कापड ताठ होतं, पांढुरकं, नवंकोरं दिसत होतं. आणि बाही एवढीशी. बाहुलीची म्हणावी एवढीशी.

"हे कोनाचं व?"

"आपल्या रश्मीच्या बाळाचं."

मी दारातच उभी राहिले. तुला म्हटलं, येड लागलं का तुले? साऱ्या गावाले वापस पाठोते अन् माह्याच पोरीच्या पोटावर कात्री चालोते? तू मान वर केली नाहीस. म्हणालीस, "घाई हाये."

"कायची घाई? अजून किती दिवस हायेत तिले!"

"तिले हायेत," तू म्हणालीस.

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. मी आपली बोलतच सुटले. फ्रॉकच काऊन, पोरगा झाला त? "मंग पोरगा फ्रॉक घालन. तो काय बोंबलनार हाये?" तू कापलेला तुकडा माझ्याकडे धरलास. "हात लावून त पाह्य." मी हात मागे घेतला. अशा कापडाला मी बोटही लावणार नव्हते. तू हसलीस, तेच तुझं पदराआडचं हसू. तुकड्यांची गुंडाळी केलीस, कागदात घातलीस, चिंधीनं बांधलीस. "मी कापून ठेवतो. शिवजो तू. बाळ रडल्यावर." मी चपला घालून निघून गेले. तो विषय तिथंच राहिला. पुढच्या आठवड्यात दादा तुला नागपूरला घेऊन गेला, आणि तिथून तुला आणलं ते बोलायला उरली नव्हतीस.

रश्मीला तुझं तोंड पाहू दिलं नाही. काकी दारात हात आडवे करून उभी होती, "पोटुशी बाईनं नाही येवाचं इथं." माझ्या घरी रश्मीला दार लावून ठेवलं. ती आतून रडत नव्हती, दारावर थापा मारत होती. त्या रात्रीपासून ती माझ्याशी नीट बोललेली नाही. आज एकदाच बोलली, बाळ हलत नाही म्हणाली. मग विचारलं, "आई, मामीनं माझ्यासाठी काही ठेवलंय का?" मी म्हटलं, काही नाही.

काकीनं तुझं गठोडं बांधलं आहे. उद्या ते जाईल. ती गुंडाळी अजून तिच्या नजरेला पडलेली नाही. मी तिला सापडू देणार नाही आणि घरातही ठेवणार नाही. एकदा तू पोटातल्यासाठी कोरं कापड कापलंस आणि ते बाळ रडलं नाही. आता दुसऱ्यांदा कापलंस. मला हे खोटं वाटायला हवं, मी काही अडाणी नाही, पण रश्मीच्या पोटावर हात ठेवला की मला ती बाही दिसते. उद्या दुपारी मी ती गुंडाळी तलावात सोडून येणार आहे. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी माझा इलाज नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं. आता पुढचं ऐक.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुंडाळी पदराखाली घेऊन गेले. तलावाच्या बांधाच्या पाळीवरून उतरले, घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिले. चिंधी सोडली तर वरचा कागद तुझाच निघाला. तुझ्या पाठीचा फर्मा, शेवटचा, सगळ्यात लहान. त्यावर तुझ्या पेन्सिलीच्या खुणा. आपल्या पाठीच्या कागदात कुणी बाळाचं कापड गुंडाळतं का? तो कागद मी पाण्यावर ठेवला. थोडा वेळ तरंगला, मग भिजून जड झाला आणि हळूहळू खाली गेला. तुला मी दुसऱ्यांदा पोचवलं.

मग तुकडे. पुढचा, मागचा, दोन बाह्या, आत उरलेल्या कापडाची घडी, सगळं पापडासारखं ताठ. मी तोंड फिरवून ते पाण्यात धरले आणि सोडणारच होते. तेवढ्यात बोटांना काहीतरी गिळगिळीत लागलं. पाहिलं तर हाताभोवतीचं पाणी पांढरं झालं होतं. पेज सुटत होती, कुसुम. ती पेज तू प्यायला केलेली नव्हतीस. मुठीतलं कापड बघता बघता मऊ झालं, इतकं मऊ की नवं कापड कधी होत नाही. उलटून पाहिलं तर आतल्या बाजूला विटका पिवळा रंग आणि बारीक फुलं. आणि मागच्या तुकड्याच्या कडेला माझा रफू. तो वाकडा.

मी पाण्यातच खाली बसले. कमरेपर्यंत भिजले. पलीकडे कुणी म्हशी धूत होतं, त्यानं ओरडून विचारलं, "काय झालं व बाई?"

तू नियम मोडलाच नव्हतास. तुझीच जुनी साडी होती ती. उलटी बाजू वर ठेवून, पेज लावून कापत होतीस आणि मी दारातून कोरं कापड पाहिलं. हात लावून पाह्य म्हणालीस, आणि मी हात मागे घेतला. सांगायचं होतंस ना सरळ! पण मला पेटलेली बघायला तुला फार आवडायचं, आणि वाटलं असेल, हिला पुढे सांगू सावकाश. तेवढं सावकाश काही आपल्या वाट्याला आलं नाही.

लगेच मनात दुसरी पाल चुकचुकली. आता हे मेलेल्या माणसाचं कापड झालं. काकीच्या गठोड्यातलं. आणि तिथंच, पाण्यात बसल्याबसल्या, तुझी घाई मला कळली. आईची साडी अशीच गेली होती, कारण आई होती तोवर कुणी ती फाडून बाळाच्या नावानं ठेवली नव्हती. जित्तेपनी देलं तेवढंच आपलं. तू ते विसरली नव्हतीस. आजी मी, आणि साडी तुझी लावायची! काय बाई आहेस. मागितलं असतंस तर मी भांडले असते, आणि मग दिलंही असतं.

घरी येऊन तुकडे विहिरीच्या पाण्यानं पुन्हा धुतले, उकळत्या पाण्यातून काढले, उन्हात वाळवले. रश्मीसमोर नेऊन ठेवले. तिनं मागचा तुकडा उचलून नाकाला लावला. काकी दारात आली होती. मी तिला म्हटलं, "जित्तेपनीच कापलं हाये तिनं. मी पाह्यलं." काकीनं तुकड्यांकडे पाहिलं, रश्मीकडे पाहिलं. "मंग ठेवा," म्हणाली आणि गेली.

पण भीती गेली नाही. संध्याकाळी रश्मीचं डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे चांदण्या दिसायला लागल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इथं थांबू नका, गोंदियाला न्या. गाडीत मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. कोहमाऱ्याच्या पुढं जंगल लागलं तशी ती म्हणाली, "आई, आता मुळीच हलत नाही." तेरवीला आलेले जावई पुढे बसले होते, त्यांनी वळून पाहिलं. मी म्हटलं, झोपलं असेल. तुझ्या वेळीही काकी असंच म्हणाली होती, झोपलं असेल. मला ते आठवलं आणि मी पिशवी घट्ट धरली. पिशवीत बाळासाठी फाडलेली साडी, तुझे तुकडे, सुई आणि पांढरा दोरा होता.

मोठ्या दवाखान्यात तिला आत नेलं. कापावं लागेल म्हणाले, जावयांनी सह्या केल्या. मग लांबलचक व्हरांडा, बाकडं, आणि ते बंद दार. थोड्या वेळानं एक नर्स बाहेर आली. "बच्चे का कपड़ा किसके पास है? पुराना देना, धुला हुआ." मी माझी साडी फाडून आणली होती, घडी घालून, वरच ठेवली होती. तरी हात तिच्याखाली गेला. तुझ्या त्या साडीचा उरलेला पदर तू गुंडाळीच्या पोटात ठेवला होतास, तोही मी धुतला होता. तोच दिला. नर्सनं बोटांनी चाचपून पाहिला, "हाँ, ये बढ़िया है," म्हणाली, आणि दार पुन्हा लागलं.

मी सुईत दोरा ओवला आणि थांबले. बाळ रडल्यावर, असं तू सांगितलं होतंस. आतून काही ऐकू येत नव्हतं. कुणाच्या तरी चपलांचा आवाज, भांड्यात काही ठेवल्याचा आवाज. मग तोही थांबला. जावई उभे राहिले. मला तुझं ते दार आठवलं, त्या बांगड्या आठवल्या. मी मागचा आणि पुढचा तुकडा खांद्याला खांदा लावून जुळवत होते आणि ते जुळेनात. कुसुम, मी तुला शिव्या दिल्या त्या वेळी. देवाला दिल्या, तुलाही दिल्या.

आणि ते रडलं. आधी मांजरासारखं, मग चिडून, मग सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं. जावई भिंतीला टेकले. नर्सनं दार अर्धवट उघडून डोकं बाहेर काढलं, "माँ भी ठीक है," म्हणाली आणि पुन्हा आत गेली. मुलगी की मुलगा, ते सांगायला ती विसरली आणि विचारायला आम्ही विसरलो.

मी खांद्यावर पहिला टाका घातला. तो वाकडा आला आहे, रफूपेक्षाही वाकडा. खिडकीशी आता पहाटेचा उजेड आहे, तिथं कापड धरून बसले आहे मी. म्हण ना एकदा, कुसुम. उसव म्हण.